विस्तवानंतरचं ताक: घरच्या आंबवणातले जिवंत जिवाणू ताटापर्यंत कसे न्यायचे

लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले तेव्हा माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी होती, पण आंबील एकदाही केलेली नव्हती. सासूबाई जांबोटीकडच्या. पहिल्याच उन्हाळ्यात नाचण्याची आंबील गॅसवरून उतरवली आणि ताकाचा तांब्या कलंडवणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब गं, मी बघतो आधी." करंगळी आंबिलीत बुडवली, तशीच ठेवली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "आता घाल. कढत्यात घातलीस तर ताक फाटतंय."

त्यांना काळजी ताक फाटण्याची होती. माझ्या पुस्तकात वेगळं कारण लिहिलेलं होतं: ताकातले आंबटपणा आणणारे बहुतेक जिवाणू साठ अंशांच्या वर काही मिनिटांतच मरतात. कारणं दोन, पण करंगळी एकच. पोटाला बऱ्या जिवाणूंविषयी कुणी विचारलं की मी म्हणूनच आधी उलटा प्रश्न टाकते: पदार्थ आंबल्यानंतर त्याला विस्तव लागला का?

या एका प्रश्नावर आपलं रोजचं ताट तपासून बघा. इडली, डोसा, आंबोळी: पीठ रात्रभर फुगलं, त्यात ल्युकोनोस्टॉक जातीच्या जिवाणूंनी वायू सोडला, आंबटपणा आला, आणि सकाळी सगळे वाफेत नाहीतर तव्यावर गेले. ताटात जिवंत कोणी नाही. कढी उकळली की तीच गत. दह्यात बुडवून वाळवलेली सांडगी मिरची शेवटी तेलात तळतो. विरजलेल्या लोण्याचं कढवलेलं तूपही त्यातच. उलट भाकरी-शेंगाचटणीबरोबरचं दही, ताक, गार आंबिलीत घातलेलं ताक, पाण्यातला शिळा भात, मिठाच्या पाण्यात मुरलेली भाजी यांना नंतर आच लागत नाही. कुंदा आणि करदंट या आमच्याकडच्या मिठाया कुठे बसतात, असं विचारू नका. ते खायचे ते खायचेच, पण या लेखात नाही.

याचा अर्थ इडली फुकट गेली असा मात्र नाही. आंबताना जिवाणू धान्य-डाळीतलं, खनिजं अडवून ठेवणारं फायटेट कमी करतात, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला मदत होते, पीठ पचायला हलकं होतं. जिवाणू मेले तरी त्यांचं काम मागे राहतं. फक्त त्याला प्रोबायोटिक म्हणू नये.

प्रोबायोटिक कशाला म्हणायचं

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येने पोटात जायला हवेत, आणि खाणाऱ्याला त्यांचा फायदा होतो हे दिसलेलं हवं. तिसऱ्या अटीत बरेच जण अडकतात, कारण फायदा सिद्ध होतो तो एका ठरावीक वाणाचा, अख्ख्या जातीचा नव्हे.

खानापूरच्या बाजारात "ओ पाटील!" म्हणून हाक मारली तर अर्धा बाजार मागे वळतो. लॅक्टोबॅसिलस हे तसंच आडनाव. ऱ्हॅम्नोसस म्हटलं की घर कळतं. 'जीजी' म्हटल्यावर नेमका माणूस सापडतो. हा वाण १९८०च्या दशकात अमेरिकेत गोरबाख आणि गोल्डिन या दोन संशोधकांनी वेगळा केला, म्हणून त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं. जीजीवर झालेल्या चाचणीचा निकाल शेजारच्या दुसऱ्या पाटलाला लागू होत नाही.

घरच्या विरजणात कोण कोण आहे, याची अशी वाणवार यादी आपल्याकडे नसते. बहुधा लॅक्टोकॉकस असतात, ल्युकोनोस्टॉक असतात, लॅक्टोबॅसिलसची भावकी असते. घरागणिक मेळ बदलतो. म्हणून घरचं दही काटेकोर अर्थाने प्रोबायोटिक नाही, ते 'जिवंत जिवाणू असलेलं आंबवलेलं अन्न' आहे. शब्दाने दह्याची चव बिघडत नाही, पण दावे करताना जीभ आवरते.

दही: दोन वाट्यांची पद्धत

दूध गवळ्याचं असो की पिशवीचं, एकदा खळखळून उकळा. कच्च्या दुधाचं दही "जास्त ताकदीचं" असा एक समज खेड्यांत अजून आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय दोन्ही येऊ शकतात, त्यामुळे त्या ताकदीच्या नादी लागू नये.

उकळलेलं दूध कोमट होऊ द्या, साधारण ४० अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर करंगळी आहेच. बोट दहा अंक मोजेपर्यंत आरामात राहिलं आणि तरी ऊब जाणवली, की वेळ झाली. अर्ध्या लिटरला एक चमचा ताजं विरजण पुरतं. (कानडी शेजारीण त्याला हेप्पु म्हणते, आणि तिच्या घरचं माझ्यापेक्षा छान लागतं, हे मान्य करायला मला दहा वर्षं लागली.) विरजण आधी थोड्या दुधात मोडून घ्या, मग सगळ्यात मिसळा, आणि भांडं हलवू नका.

बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हे दह्याला चांगलं कळतं. एप्रिलमध्ये पाच-सहा तासांत लागणारं दही डिसेंबरात रात्रभरही लागत नाही. तेव्हा भांडं जुन्या शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये. विरजण जास्त घालून घाई केली तर दही लागतं, पण आंबट आणि पाणी सुटलेलं.

पावसाळ्यात दह्याला तार सुटते ही आमच्याकडची नेहमीची तक्रार. थंड हवेत काही जिवाणू साखरेचे लांब चिकट धागे बनवतात, त्यामुळे चमच्याबरोबर दही ओढलं जातं. वास नेहमीचा आंबट-गोड असेल तर बहुधा बिघडलेलं काही नाही. पण वास कुजकट आला, कडवट लागलं, बुडबुडे किंवा रंगीत ठिपके दिसले तर दही आणि ते विरजण दोन्ही टाकून द्या. नवं विरजण शेजारून आणा.

दोन वाट्यांची पद्धत अशी: दही लागलं की पहिल्यांदा, कुणी चमचा घालण्याआधी, स्वच्छ चमच्याने एका छोट्या झाकणाच्या वाटीत उद्याचं विरजण काढून फ्रीजमध्ये ठेवायचं. खायची वाटी वेगळी. घरातल्या पाच माणसांचे पाच उष्टे चमचे विरजणापर्यंत जात नाहीत, आणि महिनोन्महिने दही एकसारखं लागतं. खायचं दही तीन-चार दिवसांत संपवा, कारण आंबटपणा वाढत गेला की जिवंत संख्या घटत जाते. तुलनेसाठी एक आकडा: योगर्टच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात दर ग्रॅमला किमान १ कोटी जिवंत विरजण-जिवाणूंची अट आहे.

दहीभात कालवताना भात गार हवा. फोडणी कडकडीत ओतायची नाही, पळीतच दोन मिनिटं निवू द्यायची. चव तीच येते.

आंबील, चार माणसांची

सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन घेऊन परतलं की आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य होतो, तेवढ्यापुरतीच आता ती अनेक घरांत उरली आहे. तिची कृती मात्र आठवड्यातून दोनदा करण्याइतकी सोपी आहे.

१. रात्री चार मोठे चमचे नाचण्याचं किंवा जोंधळ्याचं पीठ एक वाटी ताकात गुठळ्या मोडून भिजवा. झाकून ओट्यावरच ठेवा. उन्हाळ्यात आठ तास, थंडीत बारा. सकाळी वरून बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला पाहिजे.

२. चार वाट्या पाणी उकळा, मीठ टाका, भिजवलेलं पीठ धार धरून सोडा आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत कच्चा वास जातो आणि चकाकी येते. रात्रीचे जिवाणू इथे संपले.

३. उतरवा आणि खरोखर निवू द्या. घट्ट पिठूळ पदार्थ आतून फार वेळ गरम राहतो, वरच्या सायीला फसू नका. करंगळी मध्यभागी बुडवा.

४. आता दोन वाट्या ताजं ताक, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर. हवा तर बारीक कांदा. ही दुसरी फळी जिवंत पोटात जाते.

ताक घातल्यानंतर आंबील पुन्हा गरम करायची नाही. उरली तर फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गारच प्या. साखरेच्या रुग्णांना एक सांगणं: आंबील म्हणजे शिजवलेलं पीठच, ती तांब्याने प्यायची गोष्ट नव्हे. एक वाटी पुरे.

शिळा भात, पण उघड्यावर राहिलेला नव्हे

खानापूर तालुक्यात भात पिकतो आणि सकाळी शिळा भात खाऊन शेतावर जाण्याची रीत जुनी. कानडीत तंगळन्न. अलीकडे त्याचं भलतंच कौतुक चाललंय, म्हणून इथे जरा थांबते, कारण चुकलं तर हाच पदार्थ अंगाशी येतो.

तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्याने मरत नाहीत. भात कुकरमध्ये कोमट अवस्थेत तासन् तास पडला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष परत गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे "उकळी आणली की झालं" हे इथे चालत नाही.

म्हणून रात्रीच्या जेवणानंतर उरलेला भात सकाळपर्यंत कुकरमध्ये ठेवून त्यात पाणी घालणं म्हणजे शिळा भात करणं नव्हे. ठरवून करायचा असेल तर भात शिजल्यावर परातीत पसरून तासाभरात गार करा. मग स्वच्छ गाडग्यात किंवा स्टीलच्या डब्यात घालून, उकळून गार केलेलं पाणी बोटभर वर येईल इतकं ओता. त्यात दोन चमचे ताजं ताक आणि चिमूटभर मीठ घाला. ताक घालायचं ते चवीसाठी नाही. आंबट करणाऱ्यांना आधी जागा मिळावी म्हणून, कारण आंबटपणा पुरेसा चढला की सिरिअसची वाढ थांबते. झाकून आठ-दहा तास. सकाळी सौम्य आंबूस वास आला तर कांदा, हिरवी मिरची आणि ताक घालून तेव्हाच संपवा. बुळबुळीत झाला किंवा वास खटकला तर जनावरालाही घालू नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात मी हा करतच नाही. उकडा तांदूळ यासाठी बासमतीपेक्षा बरा, दाणा विरघळत नाही.

भरणीतली भाजी

आधी गैरसमज काढूया. आपलं तेलाचं कैरी-लोणचं किंवा लिंबाचं लोणचं मीठ, आम्ल आणि तेल यांच्या जोरावर टिकतं. त्यात आंबवण फार कमी, आणि मीठ इतकं की रक्तदाब असणाऱ्याने चाटण्यापुरतंच घ्यावं. जिवाणूंसाठी लोणचं खातोय, ही सबब चालायची नाही.

खरं आंबवण हलक्या खारात होतं. गोव्याला रोज आपल्याकडून गाड्या भरून जाते ती गाजर, कोबी, मुळा, नवलकोल अशी भाजी यासाठी उत्तम. भाजी धुऊन, कापून काचेच्या बरणीत भरा. काट्यावर भाजी आणि पाणी यांचं मिळून वजन करा आणि त्याच्या ३ टक्के मीठ घ्या. म्हणजे दोन्ही मिळून एक किलो असेल तर ३० ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने करू नका, जाडं मीठ आणि बारीक मीठ यांच्या चमच्यात बराच फरक पडतो. मोहरी कुटून, लसूण, एखादी मिरची. भाजी पाण्याखाली दबून राहिली पाहिजे, वर छोटी काचेची वाटी ठेवली की काम होतं.

झाकण सैल. पहिल्यांदा मी बीट-गाजराची बरणी फिरकीचं झाकण घट्ट आवळून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी उघडायला गेले तर फस्स करून लाल पाण्याचं कारंजं थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर. सासूबाईंनी फक्त तारीख विचारली.

तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं, बुडबुडे येतात, वास स्वच्छ आंबट येतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) मोजायच्या कागदी पट्ट्या मिळाल्या तर आणा: ४.६ च्या खाली आलं की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूची वाढ होत नाही, आणि ४ च्या खाली गेलं की मी निर्धास्त होते. मग फ्रीजमध्ये. वर पांढरा सपाट पापुद्रा आला तर ती बहुधा यीस्ट, काढून टाका. लवदार हिरवी-काळी-गुलाबी बुरशी आली तर बरणीच रिकामी करा. जेवताना दोन चमचे भाजी बास.

फायदा नक्की किती

एली मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास त्यांनी बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं मांडलं. ते कधी सिद्ध झालं नाही, पण दह्यामागे तेव्हापासून जे विज्ञान लागलं ते सुटलेलं नाही.

पक्कं काय? दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला हातभार लावतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने जे मोजके दावे मान्य केले त्यात हा आहे. अँटिबायोटिकमुळे लागणारे जुलाब काही ठरावीक वाणांनी कमी होतात, हेही बऱ्यापैकी दिसलेलं आहे.

बाकी ठिकाणी जपून. लहान मुलांच्या जुलाबांवर प्रोबायोटिक उपयोगी अशी समजूत होती, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांपैकी एकीत जीजी वाण होता, फरक दिसला नाही. जुलाबात ओआरएस आणि झिंक आधी, ताक नंतर. दुसरीकडे ओडिशाच्या खेड्यांतल्या साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण आठवडाभर दिला, तेव्हा जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचं एकत्र प्रमाण बाकीच्यांतल्या ९ टक्क्यांच्या तुलनेत ५.४ टक्के निघालं. २०१७ सालचा हा निकाल वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. पण तो एक वाण होता, मोजलेली मात्रा होती, डॉक्टरांची देखरेख होती. त्यावरून तान्ह्या बाळाला ताक चाटवणं म्हणजे वेडेपणा.

आंबवलेल्या अन्नाविषयी मला सगळ्यात रस वाटतो तो स्टॅनफर्डचा २०२१ चा छोटा अभ्यास. ३६ निरोगी माणसं, निम्म्यांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, निम्म्यांनी चोथा. पहिल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. माणसं थोडी, त्यामुळे यावरून "सांधेदुखी जाते", "साखर उतरते" असं कुणी सांगितलं तर हसून ताक प्यावं. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. आपल्या आंबिलीत कोणते वाण नांदतात हे तिथल्या प्रयोगशाळेत कुणी मोजलं, तर पहिलं गाडगं मी नेऊन देईन.

सुरुवात आणि कुणी थांबायचं

पोटाला सवय नसेल तर पहिला आठवडा दुपारी एक वाटी ताक, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात आंबील, मग भरणीतली भाजी. एका वेळी एकच नवा पदार्थ, नाहीतर गॅस कशाने झाला ते कळत नाही.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण आणि दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं यांच्यासाठी जिवंत जिवाणूंचा निर्णय डॉक्टरांचाच. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलं तेव्हा मृत्यू ६ ऐवजी १६ टक्के झाले, हा २००८ चा निकाल विसरण्यासारखा नाही. गरोदर बायकांनी शिळा भात टाळावा. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी दह्याबरोबर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम ती अडवतं. किती तासांचं अंतर ठेवायचं ते औषध देणाऱ्याला विचारा.

दुकानातली बाटली आणि कॅप्सूल

वेष्टनावर वाणासकट पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंतची जिवंत संख्या आणि साठवण्याचं तापमान, या तीन गोष्टी बघा. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुटुंबाची वाटणी झाली, त्यामुळे प्लांटारम आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस नावाने दिसेल, माणूस तोच. 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' असं लिहिलेलं असेल तर ते नावच चुकीचं आहे, तो बीजाणू करणारा बॅसिलस कोॲग्युलन्स. हा उष्णता सोसतो, विस्तवाच्या नियमाला असा अपवाद. फ्रीजशिवाय महिनोन्महिने टिकणारं डबाबंद ताक आधीच तापवलेलं असतं. तहानेला ठीक.

आणि विरजण संपलं, शेजारीही गावाला गेले, असं झालं तर कोमट दुधात देठासकट दोन हिरव्या मिरच्या धुऊन सोडा आणि उबेत दहा-बारा तास ठेवा. देठावरचे जिवाणू दूध धरतात, कधी धरत नाहीतही. धरलं तर ते पहिलं दही खाऊ नका. त्यातला चमचाभर घेऊन उकळून कोमट केलेल्या दुधाला दुसऱ्यांदा विरजण लावा, आणि खायचं ते हे दुसरं.